भुजंगरावांनी दुरुस्त केलेले वाक्य

तीर्थरूप अण्णांच्या चरणी नमस्कार.

मी सोमेश्वर, तुमचा थोरला मुलगा. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून पंचवीस वर्षे खेळाडूंच्या मुलाखती लिहितो. हे पत्र तुमची लेक मीना हिने तुम्हाला रोज वाचून दाखवावे, एवढ्यासाठी पाठवीत आहे.

माझी प्रकृती उत्तम आहे. डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना?

काल कुंभार पिंपळगावात भुजंगराव पैलवानांची मुलाखत घेतली. पन्नास वर्षांपूर्वी तिथल्या जत्रेत तुम्ही त्यांच्याकडून हरलात आणि आखाडा सोडलात. हल्ली आमची नावे तुम्ही विसरता, ती हार मात्र विसरत नाही.

त्या कुस्तीविषयी मी मुद्दाम काही विचारले नाही. वही मिटल्यावर तेच म्हणाले, "तुमच्या वडलांची पाठ टेकलीच न्हाई. पंचानं जल्दी केली अन् मी गप राह्यलो."

वही मिटल्यानंतरचे बोलणे मी परवानगीशिवाय छापत नाही. तशी ती मागितली.

"बिलकुल लिहा. न्हाई तर बोललो कशाला?"

नेहमीप्रमाणे वाक्य लिहून वाचून दाखवले. त्यांनी मला थांबवले. "'गप राह्यलो' खोडा. 'लबाडी केली' लिहा."

छापण्यासाठी मला दुसरा साक्षीदार लागतो, आणि तो तुम्हीच आहात. आठवले तर मीनाला सांगा. तिने तुमचेच शब्द लिहावेत. न आठवले तरी हरकत नाही. तुम्हाला सांगण्यापुरता त्यांचा एकट्याचा शब्द मला पुरतो. अण्णा, तुमची पाठ टेकली नव्हती.

आपला,
सोमेश्वर
घनसावंगी, दि. ११ फेब्रुवारी २०२५