डावी बाही

मंगळवार, सांजवेळ

आज राधाबाई पुन्हा दुकानात आली. तिचा धाकटा पोरगा किसन ओढ्यात मारलेला सापडला आणि पोलिसांनी तिच्याच थोरल्या पोराला आत टाकलंय. म्हणाली, "भाऊ, पंचनाम्याला तुमी व्हता. तो रक्ताचा सदरा माझ्या किसनचाच व्हता का?" मशीनवरची मान वर न करता मी हो म्हणालो.

खोटं. प्रेताशेजारचा तो सदरा मीच शिवलेला. डावी बाही दीड इंच आखूड. गावात तशी बाही एकाच माणसाला लागते, धाकट्या मालकांना. लहानपणी मोडलेला हात वाकडाच बसलाय त्यांचा. हवालदारानं बाह्या जुळवून बघितल्याच नाहीत, 'मयताचा सदरा' लिहून मोकळा झाला. मी बघितली ती बाही. बघून सही केली. भीतीनं केली म्हणू? मालकांच्या घरचं सगळं शिवण माझ्याकडं असतं, हे आधी आठवलं.

राधाबाई पायऱ्या उतरली आणि धाकटे मालकच आले. जिंतूरहून आणलेलं पांढरं कापड टेबलावर टाकलं. "सदरा शिव."

"आणि बाही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

माझ्याकडं बघत राहिले. मग हसले. "या खेपेला दोनी सारख्याच ठेव. हात झाकला तरी चालंल."

ते गेल्यावर मापाच्या वहीतलं त्यांचं जुनं पान मी फाडलं आणि चुलीत घातलं. हे काही त्यांनी सांगितलं नव्हतं.