सात दिवस न पुसलेला शब्द

श्रीमत् सकल-आंग्लशब्द-जीर्णोद्धारक, अप्रचलितार्थ-मार्तंड, हिंडलगा-ग्राम-कृष्णफलक-चक्रवर्ती, सेवानिवृत्त इंग्रजी शिक्षक, कैलासवासी तीर्थरूप अण्णा यांच्या चरणी धाकट्या भावाचा सक्रोध साष्टांग नमस्कार.

काल तुझं तेरावं झालं आणि सायंकाळी मी त्यासाठी माहेरी आलेल्या मुलीकडून कोशातला एक शब्द वाचून घेतला. म्हणून हे पत्र. आता निमूट ऐक.

दारातल्या फळ्यावर रोज एक मृतप्राय इंग्रजी शब्द लिहिण्याचं व्रत तू घेतलंस. इंग्रजीच का? "मराठीत लिवलं तर ते कानडीवाले भांडायला येणार, कानडीत लिवलं तर आपलेच येणार. हे कुणालाच कळत न्हाय, म्हणून कुणाची हरकत न्हाय!" काय हे सीमाशास्त्र! निवडणुकीत तू 'स्नॉलीगॉस्टर' लिहिलंस, म्हणजे तत्त्वशून्य धूर्त पुढारी. आणि उमेदवाराने त्याच फळ्याखाली हात जोडून छायाचित्र काढवून घेतलं!

नियमही तुझाच: अर्थ विचारणाऱ्याने शरणागती पत्करून तुला चहा पाजायचा. तीस वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. घरी जाऊन गुपचूप कोश पाहत असे. मग खास माझ्यासाठी 'अल्ट्राक्रेपिडेरियन' लिहिलंस: स्वतःला न कळणाऱ्या विषयावर अधिकारवाणीने बोलणारा. तेही सोसलं.

पण 'ड्वाइन'? सात दिवस तोच शब्द! या वेळी मला कोशही पाहता आला नाही; त्या कारणाकडे येतोच. मी रोज फळ्यापुढून जायचो. शाल पांघरून तू खुर्चीत. "विचार की रं!" म्हणायचास. मी म्हणायचो, "चहा वाचवतोय, अण्णा!"

आठव्या दिवशी तू गेलास.

ड्वाइन: हळूहळू झिजत जाणे.

अरे, आजार असा कळवतात? मराठी येत होतं, कानडी येत होतं, डॉक्टरांशी हिंदीही झाडायचास! वहिनींना जाब विचारला, तर म्हणाल्या, "मला म्हणालते, सदाला विचारू दे, मग सांगतो." म्हणजे तू माझ्या एका प्रश्नासाठी अडून बसलास? आणि मी एका चहासाठी? असल्या दोन भावांसाठीही एखादा शब्द असेलच तुझ्या पोतडीत!

प्रतिज्ञा करतो: उद्यापासून फळा मी लिहीन. आणि जो अर्थ विचारेल, त्याला चहा मी पाजीन.

तुझा संतप्त कनिष्ठ बंधू,
सदाशिव

ता. क. दिवाळीत नेलेलं माझं भिंग कुठं ठेवलंस? त्याच्याशिवाय मला कोश वाचता येत नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं. कपाट पाहिलं, खडूंची पेटी उपसली. वहिनी म्हणतात, "इथं न्हाय."