नातेवाइकांनी भरावयाचा फॉर्म

३ मार्च, सोमवार

तीनशे सत्तर वाक्यं! प्रत्येकापुढे 'खरं' नाहीतर 'खोटं'वर खूण करायची. का, तर मी सुपरवायझरच्या अंगावर हेल्मेट भिरकावलं. लागलं का? नाही ना! तरी 'मानसिक चाचणी' पास होईपर्यंत क्रेनवर चढायचं नाही. बावीस वर्षं क्रेन चालवतोय, एक पेटी खाली पाडली नाही.

'मला कधीकधी वस्तू फोडाव्याशा वाटतात.' — खोटं.

'लोक माझ्या वाईटावर आहेत.' — आहेतच! पण 'खोटं'वर खूण केली. मी काय दुधखुळा आहे?

६ मार्च, गुरुवार

मानसशास्त्रज्ञ बाई माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान. बोलणं लोण्यासारखं. "या उत्तरांप्रमाणे तुम्ही जन्मात कधी चिडला नाहीत, कधी खोटं बोलला नाहीत. असं कुणी नसतं हो. काही वाक्यं त्यासाठीच घातलेली असतात."

म्हणजे सापळा! उंदीर समजते मला?

"पुन्हा भरा. आणि हा दुसरा फॉर्म तुमच्या मिसेसना द्या. त्यांनी एकटीनं भरायचा."

८ मार्च, शनिवार

बायकोला टेबलाशी बसवलं. समोर मी. एकटीनं म्हणे! हिला एकटीला काय कळतंय?

'हे रागाच्या भरात वस्तू फेकतात का?' ती पेन धरून नुसती बसून.

"विचार कसला करतेस? 'नाही' लिही."

लिहिलं. पुढचे प्रश्न मीच वाचून दाखवले, उत्तरंही सांगितली. लवकर आटपलं. सही मात्र वेडीवाकडी — पेनच भिकार.

१० मार्च, सोमवार

दोन्ही फॉर्म दिले. बाईंनी बायकोचा आधी वाचला.

"हा भरताना तुम्ही कुठे होतात?"

"घरात. माझंच घर आहे."

काहीतरी खरडलं. लोकांच्या संसारात नाक खुपसायचा पगार घेतात!

११ मार्च

बायको जेवायला बसलीच नाही. विचारलं तर म्हणे डोकं दुखतंय. हिचं नेहमीचंच रडगाणं.

१४ मार्च, शुक्रवार

काम अजून बंदच; बाजारातून आलो. बायको दारात, हातात बॅग.

"काल बाईंकडे गेले होते. फॉर्म पुन्हा भरला. एकटीनं. आता ताईकडे राहणार आहे."

मी हात उचलला. बॅग घ्यायला — शपथेवर सांगतो, फक्त बॅग घ्यायला.

तिनं दोन्ही कोपरं चेहऱ्यापुढे घेतली.