एक जूनच्या पोरी

रविवार, २४ मे १९९८

पाय सुजलेत. अजिंठ्याला एसटीतून उतरलं की वाडीपर्यंत दोन तास चढ, तोही या उन्हात! पन्नाशीच्या बाईनं, टपाल कचेरीतली नोकरी सांभाळून, शाळेचे हे उद्योग करू नयेत — असं दर रविवारी म्हणते नि दर रविवारी जाते. बारा वर्षं झाली.

पण यंदा चीज झालं. पुंजारामनं लेकीचं, गयाचं, लग्न आखाजीच्या मुहूर्तावर धरलं होतं, ते पुढं ढकललं. चैत्रात मी त्याला दारातच सुनावलं होतं — अठरा पुरी होईस्तोवर नाही, कायदा आहे. तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "तुमचा शबद." पाळला की! दहावीला बसलेली वाडीतली पहिली पोरगी. खरी सोळाची, म्हणजे दोन वर्षं हातात आहेत. अकरावी, बारावी! औरंगाबादच्या वसतिगृहाचा फॉर्म तिच्या हातात दिला तर तिथंच उभ्यानं वाचत बसली.

तिच्या आईनं, सरूबाईनं, भाकरी वाढली. वाढली नि लगेच आत निघून गेली. उन्हानं असेल.

मंगळवार, २६ मे

फॉर्मला शाळेचा दाखला जोडायचाय. वाडीच्या शफी गुरुजींना कार्ड टाकलं.

रविवार, ३१ मे

दाखला पुंजाराम आधीच घेऊन गेलेला. कशाला? गुरुजी वर बघेनात. मग म्हणाले, "शादी है ना बाई उसकी, सात तारीख कू. उद्या ती अठराची होते."

कशी होते? गुरुजींनी ट्रंकेतून प्रवेशाचा जुना अर्ज काढला. जन्मतारीख एक जून १९८०. अक्षर माझंच.

शहाऐंशी साल. वीस लेकरं दाखवल्याशिवाय वाडीला शाळा मिळत नव्हती, नि लेकरू सहाचं पाहिजे. मी घरोघर फिरले. जन्माची नोंद कुणाकडंच नाही. कुणी म्हणे दुष्काळानंतर, कुणी म्हणे पोळ्याच्या आसपास. चार-चार वर्षांच्या पोरी मी सहाच्या केल्या नि एक जून टाकून मोकळी झाले. सगळीकडं तसंच करतात. अर्धा मराठवाडा एक जूनला जन्मला, असं कचेरीत मीच हसून सांगायची! गया तेव्हा आईच्या मांडीवरून उतरत नव्हती. चौथीनंतर दोन वर्षं शेळ्यांमागं गेली, तिला परत मीच पाचवीत बसवली. दहावी होईतो कागदावर अठरा भरली.

पुंजाराम मांडवाच्या मेढी रोवत होता. मी म्हटलं, पोरगी सोळाची आहे, तुला ठाऊक आहे. तो चिडला असता तर बरं होतं. "बाई, मला वाचता येत नाय. लिवलं तुमी, अठराचं बी तुमीच सांगितलं. म्या आखाजी जाऊ दिली, पाव्हण्यांची बोलणी खाल्ली. आता तुमीच म्हंता, तुमचं लिवलेलं खोटं हाय?"

गया दारात उभी होती. मी काहीतरी करीन म्हणून बघत होती.

बुधवार, ३ जून

रजा टाकून ठाण्यात गेले. जमादार सज्जन निघाला. अर्जाची नक्कल दोनदा वाचली. कागदावर अठरा पुरी, म्हणाला. मी म्हटलं, कागद खोटा, मीच लिहिलाय. त्यानं कोरा कागद पुढं ठेवला — तसं लिहून द्या. पण मग आधी तुमच्यावर केस होईल, नि त्या शाळेतल्या एकूणएक पोराचा दाखला तपासायला निघेल. शाळा राहील का, तेवढं बघा.

लिहून दिलं नाही. शाळेसाठी, असं एसटीत स्वतःला सांगत आले. नोकरीची भीतीही होती. वहीशी कशाला खोटं बोलू?

रविवार, ७ जून

गेले नाही. दिवसभर डोक्यावरून चादर घेऊन पडून राहिले.

गुरुवार, १८ जून

गया पास! एकसष्ट टक्के. सांगायचं कुणाला? ती करमाडकडं, सासरी.

कचेरीत माझ्या नावानं तीन लग्नपत्रिका आल्या. तिन्ही वाडीच्या. नावं वाचली नि घरी येऊन शहाऐंशीची यादी काढली. तेरा पोरी. तिघी त्यातल्याच. तेराही जणींची तारीख एक. तेराही एकाच दिवशी अठराच्या झाल्या. म्हणजे बाप लोक वाटच बघत होते, माझ्या तारखेची!

आता कधी जाणार नाही तिकडं. बास झालं.

रविवार, २१ जून

गेले. पट एकोणीस. वीस भरले नाहीत तर शाळा खालच्या गावात नेणार, नि तिथवर पोरींना कुणी धाडणार नाही. सरूबाई धाकट्या काशीला कडेवर घेऊन आली. चार पुरी नाहीत. "हिचं बी नाव घाला, बाई. हिला तरी शिकवा." गुरुजींनी अर्ज पुढं सरकवला.

लिहिलं. एक जून १९९२.