पुढची कॉर्ड

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय गयासभाई,

नमस्कार. तुम्ही, लुबना आणि छोटी मजेत असाल. इथं थंडी पडायला लागलीय. माझी शेंद्र्याची नोकरी चालू आहे. कंपनीची बस आता लवकर येते, म्हणून भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवते. बाकी आमचं ठीक चाललंय.

तुमचा नंबर लागत नाही, म्हणून तुमच्या अम्मींकडं गेले होते. त्यांनी चहा दिला, जवळ बसवलं, पण नंबर म्हटल्यावर हात जोडले. "गयासने कसम दी है बेटा, ऋतुराज के घर नंबर नक्को देना. चिठ्ठी लिख, मैं भिजवाती." शाळा सुटल्यापासून मी कुणाला कागदावर लिहिलेलं नाही. चुका पोटात घाला.

काम छोटं आहे. तुम्ही कीबोर्डवर लावायचात तशा चालीखाली कॉर्ड लावायचं मोबाइलमधलं एक ॲप मला निवडून द्या.

वाचून राग आला असेल. असल्याच ॲपवरून तुमचं आणि ऋतुराजचं फाटलं. सगळ्या गाण्याच्या पार्टीसमोर मोबाइल वर धरून तो म्हणाला होता, "आता गयासची काय गरज? हेच लावतं कॉर्ड." मी तिथंच जेवणाचे डबे उघडत होते. तुम्ही कीबोर्डची वायर काढली, नीट गुंडाळली आणि गेलात. इतकी वर्षं चाल त्याची आणि कॉर्ड तुमच्या होत्या. तरी तुम्हालाच विचारतेय. दुसरं कुणाला विचारू?

मी बरीच ॲप उतरवून बघितली. एकात घड्याळासारखं गोल येतं आणि त्यात इंग्रजी अक्षरं. शेजारशेजारची अक्षरं दाबली की चांगलं वाटतं, पण ते आपल्या चालीशी जुळतंय का ते मला कळत नाही. एकात आधी मूड निवडावा लागतो. आनंदी, उदास, प्रेमळ, असे आठ-दहा आहेत. मला हवा तो त्यात नाय. एकासमोर गुणगुणलं की ते आपणहून कॉर्ड लिहून देतं, पण एकच ओळ ऐकवली तरी दर वेळी वेगळंच लिहितं. चौथं बरं होतं, पण मध्येच जाहिरात ओरडते. ती ओरडली की सगळं बिघडतं. पुन्हा बसवायला अर्धा दिवस जातो.

तर असं बघा. बटणं मोठी हवीत. एका हातानं, डाव्या हातानं दाबता आली पाहिजेत. वाचायला काही लागू नये, नुसते रंग असले तरी चालतील. मध्ये कुणी बोलू नये. आणि चूक झाली तर लाल फुली बिली दाखवू नये.

ऋतुराजला का विचारत नाही, असं म्हणाल. तो हल्ली त्यात लक्ष घालत नाही. बोलणंही कमी झालंय त्याचं.

लवकर लिहा, गयासभाई. जेवढ्या लवकर जमेल तेवढ्या.

सोनिया


हैदराबाद
२ डिसेंबर

सोनिया भाभी,

चिठ्ठी मिळाली. जवाब द्यायचा नव्हता. लुबना म्हणाली, बाईनं कागद लिहून विचारलंय, गप्प बसणं बरोबर नाही. म्हणून लिहितोय.

गुणगुणलेलं ओळखणारं ॲप काढून टाका. आपला गाणारा सुरावरून सुरावर घसरत जातो, आणि त्याला प्रत्येक घसरणीत नवा सूर दिसतो. मूडवालं तर पोरखेळ आहे. ज्यात नुसते रिकामे चौकोन असतात आणि एकेका चौकोनात एकेक कॉर्ड ठेवता येते, ते घ्या. कॉर्डला रंग देता येतो. नेट बंद केलं की जाहिरातही येत नाही. ॲपचं नाव कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलंय. चार चौकोनांत पुष्कळ गाणी बसतात. पण कुठली कॉर्ड कुठं, ते ॲप सांगणार नाही. ते कानानं ठरतं.

आता माझं ऐका. डावा हात, मोठी बटणं, वाचायला नको, फुली नको. भाभी, हे कुणासाठी आहे? तुम्ही तर उजव्या हातानं लिहिता. ऋतुराज कधी कमी बोललाय का? खरं काय ते लिहा. लिहायचं नसेल तर पुन्हा चिठ्ठी पाठवू नका. मला त्या घराचं अर्धंमुर्धं काही ऐकायचं नाही.

गयास


पडेगाव
१२ डिसेंबर

गयासभाई,

खरं लिहिते.

उन्हाळ्यात पाचोडला साखरपुड्याचा कार्यक्रम होता. ऋतुराज गात होता. मधल्या ओळीत त्याचा आवाज ओढल्यासारखा झाला. लोकांना वाटलं, मुद्दाम करतोय. कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग तो माइकच्या दांडीसकट उजव्या अंगावर पडला. मेंदूत रक्त उतरलं होतं. जीव वाचला. उजवा हात गेला, पाय ओढत चालतो. वाचा गेली. वाचताही येत नाही. पार्टी मोडली. पोरं दोन-चारदा येऊन बसली, नंतर यायची बंद झाली.

तुमच्यापासून आणि अम्मींपासून लपवलं, कारण तुम्ही कीव करत यावं हे त्याला सोसलं नसतं. आणि खोटं कशाला बोलू, मला भीती होती. तुम्ही मनात म्हणाल, भोग आता.

त्याच्याकडं एकच शब्द उरलाय. "बरं." जेवतोस का? बरं. दुखतंय का? बरं. टीव्ही बंद करू का? बरं. पहिल्या पहिल्यांदा मी खूश व्हायचे, की ऐकतोय, समजून घेतोय. मग एकदा त्याची परीक्षा बघायची म्हणून म्हटलं, मी माहेरी निघून जाते, कायमची. त्यानं माझ्याकडं बघितलं, डोळे भरले आणि तोंडातून आलं, "बरं." त्या डोळ्यांचा आणि त्या शब्दाचा काही संबंध नव्हता. त्या दिवसापासून मी त्याला असलं काही विचारत नाही.

पण तो गुणगुणतो, गयासभाई. एकच चाल, दिवसभर. आधी कधी ऐकलेली नाही. तिथं सूर चुकत नाही, जीभ अडखळत नाही. स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, बोलण्याची जागा गेली तरी गाण्याची वाट वेगळी असते. चाल पक्की धरा, खाली आधार द्या, मग हळूहळू त्यात शब्द घालता येतील. पाणी दे, भूक लागली, एवढे जरी आले तरी पुष्कळ. म्हणून मी ॲप शोधत होते.

तुम्ही सांगितलेलं घेतलं. रविवारी त्याच्या मांडीवर मोबाइल ठेवला. चार चौकोनांत जे सुचलं ते भरलं आणि त्याचा डावा हात धरून दाबत गेले. ही कॉर्ड? बरं. ही? बरं. मला स्वतःला ऐकू येत होतं की भांडी पडल्यासारखं होतंय, तरी बरं. मी ओरडले त्याच्यावर. "अरे, तुला तरी कळतंय ना, मग सांग की!" शेजारच्या मालनबाई पळत आल्या. तो भिंतीकडं तोंड करून बसला आणि तेव्हापासून त्यानं गुणगुणणंही सोडलं.

आता जे लिहिणार होते ते. काल त्याची गादी उन्हात टाकायला उचलली. खाली कागदाची पुडी होती, आत गोळ्या. मी रोज हातावर ठेवते त्याच, झोपेच्याही आणि बीपीच्याही. तोंडात धरायचा आणि माझी पाठ वळली की काढून ठेवायचा. बऱ्याच साठल्या होत्या. मी पुडी त्याच्यासमोर धरली आणि विचारलं, "हे कशाला?"

तो म्हणाला, "बरं."

मी कामाला जाते तेव्हा मालनबाई बसतात. त्यांना तरी किती सांगू? मी बसमध्ये बसल्यापासून त्यांना फोन लावत राहते. मला आता ॲप नको. तुम्ही या. रागावायला या, भांडायला या, पण या. तुम्ही गेल्यावर त्यानं त्या मोबाइलवर तीन गाणी केली होती. एकही कुणाला ऐकवलं नाही.

माझा नंबर खाली लिहिलाय. फोन नाही केलात तरी चालेल. नुसते या.

सोनिया


पडेगाव
५ जानेवारी २०२५

गयासभाई,

तुम्ही चहा न घेताच गेलात. तुमच्यावर राग नाही. मी दारात उभी राहून तुम्ही कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत होते. तुम्ही रुमालानं तोंड झाकलं होतं.

तुमच्या आवाजानं त्यानं किती दिवसांनी भिंतीकडचं तोंड फिरवलं. तुम्ही त्याचा मेलेला हात मांडीवर घेऊन बसलात. तो ती चाल गुणगुणला, आणि तुम्ही कीबोर्ड नाही म्हणून माझ्याच मोबाइलवर चार चौकोन भरलेत. मला वाटलं, आता काहीतरी होईल. तुम्ही विचारलंत, "ठीक है ना, राजा?" तो म्हणाला, "बरं." तुम्ही म्हणालात, "तब तू फोन करता था, मैंने उठाना था रे. गलती मेरी भी है." तो म्हणाला, "बरं." तुम्ही मुद्दाम चुकीची कॉर्ड लावलीत. तरी बरं. मग तुमच्याच्यानं बघवेना. उंबऱ्यात तुम्ही मला म्हणालात, "भाभी, हा माझा ऋतुराज नाही. माझ्याकडून नाही होणार." आणि उतरलात.

पुढचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून हा कागद. तुमचा नंबर आता माझ्याकडं आहे, पण फोनवर मला हे सांगता यायचं नाही.

तुम्ही गेल्यावर तो दाराकडं बघत राहिला. मला तुमचा राग आला, त्याचा आला, त्या मोबाइलचा आला. मी तुमचे चौकोन पुसायला घेतले. शेवटचा आधी पुसला आणि सहज दुसरंच काहीतरी दाबलं. त्यानं डावा हात उचलून माझ्या मनगटावर मारला.

"नाय."

मला वाटलं, मालनबाई बोलल्या. वळून बघितलं तर दारात कुणी नव्हतं. मी पुन्हा तेच दाबलं. तो लाल झाला, मानेच्या शिरा ताठल्या. "नाय. नाय!" मी तुमची कॉर्ड शोधायला लागले. रंग आठवत होता, पिवळा, पण पिवळ्या दोन होत्या. पहिली दाबली. "नाय." दुसरी दाबली. तो गप्प झाला. डोळे मिटले आणि तिच्यावरून चाल पुढं नेली.

तुम्ही होतात तेव्हा तो का बोलला नाही, मला माहीत नाही. मॅडमनाही माहीत नाही. त्या म्हणाल्या, फार आशा धरू नका, एखादा शब्द येतो आणि जातोही. दुसऱ्या दिवशी दिवसभर बरंच म्हणत होता. गोळ्या मी अजून त्याच्या जिभेखाली बोट घालून बघते. सगळं छान झालंय असं समजू नका. काल जेवताना ताट ढकललं आणि नंतर लई रडला.

पण रोज संध्याकाळी मी बसमधून उतरून घरी आले की तो मोबाइलकडं हात करतो. तुमचे चार चौकोन मी वाजवते आणि तो मुखडा म्हणतो. पुढं अंतरा आहे. तो वर जातो, तिथं खाली काही नसतं. तिथं तो थांबतो आणि माझ्याकडं बघतो. मी एक दाबते. नाय. दुसरी दाबते. नाय. हाताला लागेल ती दाबत सुटते. मला सूर कळत नाही हो, गयासभाई. तो थकेपर्यंत नाय म्हणत राहतो, आणि मग थकून "बरं" म्हणतो. त्या बरंची मला लई भीती वाटते.

त्याच्या आत पुढची कॉर्ड कुठली आहे, ते या जगात फक्त तुम्हाला ऐकू येईल. आज पुन्हा बसलो होतो. आत्ता तो अंतऱ्यापाशी थांबलाय, आणि मी मोबाइल खाली ठेवून हे लिहितेय.

तो माझ्याकडं बघतोय. मला पुढचं येत नाय.

सोनिया