न बोलता आणलेले औषध

जामसर,
रविवार, दि. २६ एप्रिल २०२६

प्रिय राहीताई,

धाकट्या जगनचा तुला नमस्कार, चैतीला मामाचे आशीर्वाद.

तुझा निरोप सुकरीमावशीने परवा दुपारी पोचवला. सूर्यमाळच्या झऱ्याला आता दिवसाला एकच हंडा पाणी सुटते आणि तुम्ही चौदा जण शुक्रवारी पाडा सोडून येत्या शनिवारी आमच्याकडे उतरणार, हे कळले. दोन दिवसांची वाट आहे. उन्हाच्या आधी चाला, दुपारी सावलीला थांबा. मोखाड्याच्या बाजारपेठेतून येऊ नका, तिथे अजून फार आहेत. सुकरीमावशी ज्या वाटेने येते-जाते त्याच वाटेने या.

इकडची खुशाली सांगायची तर आई बरी आहे. ताप उतरला. काल तिने बसून नागलीची अर्धी भाकर खाल्ली आणि मला मीठ कमी आहे म्हणून शिव्या दिल्या. विहिरीला पाणी आहे. मी रोज पायऱ्या मोजतो. आज वरून अकरावी पायरी कोरडी आहे, त्याखाली पाणी. तुम्ही चौदा जण आलात तरी पाऊस लागेपर्यंत पुरेल. हे मी तीन वेळा हिशेब करून लिहितो आहे, नुसते धीर द्यायला नाही.

तुझ्या निरोपात आणखी एक वाक्य होते. "दारावर गोरख असतील, तर मला कसली भीती?" सुकरीमावशीने ते दोनदा सांगितले. मी "बरं" म्हटले.

भावजींचे पुढे लिहितो. आधी दाराचे सांगतो, कारण तुम्हाला त्यातूनच आत यायचे आहे.

होळीला वसई-भिवंडीकडून माणसे घरी आली, त्यांच्या जीपमधून हे मरण वर आले. तुमच्याकडेही त्याच आठवड्यात आले असे कळले. मरून उठलेल्यांना तुम्ही काय म्हणता ठाऊक नाही. आम्ही मुकी म्हणतो. चावा बसलेला माणूस मरतो, उठतो, चालतो, पण त्याच्या तोंडातून शब्द निघत नाही. आमच्या पाड्याला येणारी वाट दोन कातळांमधून येते, ती तुझ्या ओळखीची आहे. तिथेच आम्ही दार केले आहे. वरच्या कातळावर बांबूची ताटी बांधून तिच्यामागे मोठे दगड रचले आहेत. कोयत्याने एक दोर कापला की सगळे दगड वाटेवर येतात.

पहिल्या आठवड्यात कमलेश त्या वाटेने आला. आपल्या शेजारचा, दूध घालायचा तो. त्याच्या आईने लांबून ओळखला आणि धावत जाऊन त्याला मिठी मारली. तो एक शब्दही बोलला नव्हता. त्या दिवशी आम्ही चार माणसे गमावली, पहिली त्याची आई. मग सावळाकाकांनी सगळ्यांना बसवून नियम केला. येणाऱ्याला तीनदा हाक मारायची. बोलला तर माणूस. नाही बोलला तर दोर कापायचा, मग तो कुणाचा कोणीही असो. मीच तो नियम फळीवर कोळशाने लिहिला. लिहिता-वाचता येणारा आणि घाई न करणारा म्हणून दिवसपाळीही मलाच दिली. रात्रपाळी होळीपासून इथेच अडकलेल्या भावजींकडे होती. मला बरे वाटले होते, ताई. दहावी नापास झाल्यापासून पहिल्यांदा कुणी मला काही सोपवले होते.

हे पत्र मी आधी आश्रमशाळेतल्या एका जुन्या वहीत कच्चे लिहिले. त्या कच्च्या पत्रात भावजींना मुक्यांनी मारले असे लिहिले आहे. सावळाकाकांनी तसेच लिहायला सांगितले होते. मी ते तीनदा वाचले. त्यात एकही चूक नव्हती, आणि ते खरे नव्हते. म्हणून आता हे पक्के लिहितो आहे. पुढचे एकटी बसून वाच. चैतीला जवळ ठेवू नकोस.

गोरखभावजी गेले. आज अकरा दिवस झाले. त्यांना मुक्यांनी मारले नाही. मी मारले.

कसे ते सगळे सांगतो, काही गाळत नाही.

आईला ताप भरला होता. सहा दिवस उतरत नव्हता. जव्हारला नेण्याची सोय नाही, घरातल्या गोळ्या संपल्या होत्या. नाल्यापलीकडच्या पुतळीआजीकडे मुळीचे औषध आहे. भावजी म्हणाले, मी आणतो. हे औषध कसे आणायचे ते तुला मी काय सांगावे. औषध हातात घेतल्यापासून आजाऱ्याच्या उशाशी ठेवेपर्यंत बोलायचे नाही, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, थांबायचे नाही, औषध खाली टेकवायचे नाही. बोललास तर औषध मेले.

मी दारावरच होतो. ते निघाले तेव्हा मी म्हटले, "भावजी, येताना दाराशी बोला हं. बोलल्याने औषध मरत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात असं काही नाही."

ते हसले. म्हणाले, "साल्या, दहावी नापास झालास म्हणून बरं. पास झाला असतास तर देवाकडंपण सही मागितली असतीस."

"नियम सगळ्यांना सारखा आहे," मी म्हटले.

"अरे, दारावर तूच नाय का? मग मला कशाला बोलायला लागतं?"

मी म्हटले, "बोलायला लागेल." ते हात हलवून गेले. मला वाटले, माझे म्हणणे त्यांनी मान्य केले. त्यांना वाटले असेल, त्यांचे मी मान्य केले. दोघांनीही पुन्हा विचारले नाही.

दिवस कलताना ते परत आले. ऊन माझ्या डोळ्यांवर होते. आधी मला फक्त चालणारा माणूस दिसला, दोन्ही हात छातीशी धरलेला, सावकाश येणारा. मुकी अशीच चालतात. मी पहिली हाक मारली. मग डोक्यावरचा लाल पंचा दिसला आणि भावजी ओळखू आले. ताई, हे वाक्य मी पुन्हा लिहितो. मी त्यांना ओळखले. उजवा पाय जरा फेकून टाकायची त्यांची चालही ओळखली. पण कमलेशलाही त्याच्या आईने ओळखलेच होते.

दुसरी हाक मी नाव घेऊन मारली. "भावजी, बोला!" ते चालतच राहिले. मला त्यांचा राग आला. खरेच राग आला, की सांगूनही ऐकत नाहीत. आणि त्याच्याच पाठोपाठ भीती वाटली. मला पक्के वाटत होते की जिवंत असतील तर दाराशी येऊन ते बोलतीलच, एवढ्याशा मुळीसाठी कोण जीव घालवेल? म्हणजे नाल्यात कुणीतरी चावले असणार. तिसऱ्या हाकेला त्यांनी हात वर केले, मला पुडी दाखवायला. ती पळसाच्या पानात बांधलेली होती. मी पान पाहिले. हात वर झालेलेही पाहिले. मुकीही असेच हात वर करतात.

मी दोर कापला.

दगड थांबल्यावर मी खाली उतरलो. कमरेपासून खाली ते दगडांत होते. तोंडावर धूळ होती, आणि डोळे माणसाचे होते. पुडी त्यांनी छातीशी धरून वाचवली होती, पान फाटलेसुद्धा नव्हते. मी रडत म्हटले, "भावजी, आता तरी बोला. चूक झाली माझी. बोला." त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. पुडी माझ्या हातात दिली आणि घराकडे बोट दाखवले. मी हललो नाही, तेव्हा त्यांनी मला ढकलले. अंगात तेवढी ताकद होती अजून.

मी पळालो. वाटेत सावळाकाका ओरडत आले, "काय झालं रे? दगड कुणावर पाडलेस?" मी उत्तर दिले नाही. जे मी मानत नव्हतो ते मी पाळले. आईच्या उशाशी पुडी ठेवली आणि मग तोंड उघडले, तर नुसती किंकाळी निघाली.

परत गेलो तेव्हा भावजी संपले होते. आम्ही त्यांचे सगळे अंग तपासले. कुठेही चावा नव्हता. तरी मी दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत त्यांच्याजवळ बसलो. ते उठले नाहीत. उठले असते तर बरे, असे मला वाटले. हेही लिहून ठेवतो. त्यांना मोहाच्या झाडाखाली पुरले आहे, डोके सूर्यमाळच्या दिशेला केले आहे. लाल पंचा मी धुऊन तुझ्यासाठी ठेवला आहे.

आईला आम्ही सांगितले की औषध देऊन गोरख तुझ्याकडे सूर्यमाळला गेले. ती म्हणाली, "बरं झालं, पोरीला सोबत झाली."

तुझा निरोप आला तेव्हा सावळाकाकांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, "खरं कळलं तर ते चौदा जण आपल्या दाराशी येतील का? तू आला असतास?"

"नाही," मी म्हटले.

"मग तिकडं तहानेनं मरतील. तुझ्या बहिणीची पोरसुद्धा. एक मारलास, आता चौदा मारायचेत? लिही की मुक्यांनी मारलं. इकडं आल्यावर, पाणी पिल्यावर, चार दिवसांनी सांगू."

त्यांचे बोलणे चुकीचे नाही. मी दोन दिवस त्यावर विचार केला आहे. खोटे लिहिले तर तू नक्की येशील. खरे लिहिले तर येशील की नाही, मला माहीत नाही, आणि चैती आठ वर्षांची आहे. पण खोट्यावर विश्वास ठेवून तू त्या कातळांमधून चालत येशील आणि ज्याने दोर कापला तो मीच तुला आत घ्यायला उभा असेन, हे मला सहन होत नाही. सुकरीमावशीला सगळे ठाऊक आहे. ती म्हणाली, "माझ्या तोंडून जायचं नाय. तू लिहिलंस तर कागद नेईन." ती उद्या सकाळी निघेल.

आता नियम बदलला आहे, तो नीट समजून घे. ज्याला बोलता येत नाही किंवा बोलायचे नाही, त्याने वाटेवर खाली बसायचे. मुक्यांना बसता येत नाही, ती पडतात किंवा चालत राहतात. गेले काही दिवस मी कातळावरून लक्ष ठेवून हे पाहिले आहे, सतरा जणांवर. बसलेल्या माणसाकडे आमच्यातला एक जण हातात काही न घेता चालत जाईल, जवळून पाहील आणि हात धरून आत आणील. ते काम मी मागून घेतले आहे. दोर आता माझ्याकडे नाही. इतके सोपे होते, ताई. बसा, एवढेच तर सांगायचे होते. अकरा दिवसांपूर्वी मला ते सुचले नाही.

बाकीच्या तेरा जणांना यातले काय सांगायचे ते तू ठरव. माझा कोणी जीव घेईल म्हणून तू लपवू नकोस.

इथपर्यंत लिहून मी थांबलो होतो. मग वाटले, तुला सांगतो आणि जिच्यासाठी औषध आणले तिला सांगत नाही, हे कसे? दुपारी मी हे पत्र आईला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवले.

 शेवटी ती एवढेच म्हणाली, "दगड पडल्यावरपण नाय बोलला?"

"नाही."

ती भिंतीकडे तोंड करून निजली. भाकर खाल्ली नाही. मी उंबऱ्यात बसून राहिलो. मला वाटले आता ही माझ्याशी कधीच बोलणार नाही, आणि ते बरोबरच झाले असते. उन्हे उतरल्यावर ती उठली, लोटाभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "तो कागद आण. माझं लिही."

तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो:

"राही, मी तुझी आय. जावयानं माझा जीव वाचवला नि माझ्याच पोऱ्यानं त्याचा घेतला. मी आता कुठल्या तोंडानं तुला ये म्हणू? तरी ये म्हणते. पोरीला पाणी पाहिजे. झऱ्यापाशी रुसून बसू नको, तिथं रुसवा ऐकायला कोण नाय. इथं आल्यावर जगनशी नाय बोललीस तरी चालेल. त्याच्या हातचं पाणी नको असेल तर मी काढून देईन, माझ्यानं आता उभं राहवतं. त्याला मारायचं असेल तर मार. पण पहिली चैतीला पाज, मग मार."

ती म्हणाली, यातला एकही शब्द बदलू नकोस. मी बदललेला नाही.

शनिवारी सकाळपासून मी कातळांच्या बाहेर, वाटेवर, मोकळ्या हातांनी उभा असेन. तू दिसेपर्यंत उभा असेन. तू आली नाहीस तर रविवारी पाण्याचे दोन हंडे घेऊन सुकरीमावशीच्या वाटेने वर निघेन. मला पाड्यात घ्यायचे की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा, हंडे मात्र घ्या.

पत्राखाली नेहमीप्रमाणे "तुझा भाऊ" असे लिहायचे होते. ते लिहिण्याचा हक्क आता माझ्याकडे आहे की नाही, हे मला ठरवता येत नाही. म्हणून नुसते नाव लिहितो.

जगन