दोन सूत

॥ श्री ॥
शिरोणे बंदर,
ता. ९ जानेवारी १९६३

चि. गुरुदास यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे कार्ड पोचले. आईचा खोकला कमी आहे, असे मिठबावहून आलेला शिवा सांगत होता. इकडे आम्ही ठीक. हे रापणीवर जातात, मासळी बेताची.

लिहायचे वेगळेच आहे. गावाच्या आराखड्यातला बंदर ते बाजार रस्ता आता खरोखर होणार. बर्फाची लॉरी पाण्यापर्यंत यायला तीस फूट रुंदी हवी म्हणतात. काल मोजणीवाले येऊन आळीत खुंट्या ठोकून गेले. आमची पडवी आणि ओटी जाणार असे गणपतीत तूच सांगितले होतेस. मी रडले होते, तू नकाशाच्या कचेरीत आहेस तर काहीतरी बघ म्हणाले होते. काल आमच्या अंगणात एकही खुंटी पडली नाही. सगळ्या समोर मथुराच्या घरात. एक तर चुलीपाशी.

तिचे घर ते केवढे, चौदा फूट. दहा गेले तर उरते काय? नवरा गेल्यावर डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव हिंडून तिने ते चिरे जमवले. मला विषमज्वर झाला तेव्हा एकवीस दिवस हीच माझ्या उशाशी होती.

आज सकाळी आली. नगरपालिकेत महिन्याच्या आत हरकत द्यायची आहे, आणि आळीत लिहिता येणारी बाई मी एकटी. “माका लिवक येना नाय गो, तूच लिही,” म्हणाली. मी हो म्हटले, पण दौत अजून उघडली नाही. रस्त्याची रेषा आमच्याकडून तिच्याकडे कशी गेली? तू काही केले नाहीस ना? उलट टपाली दोन ओळी लिही.

तुझ्या खुशालीकडे डोळे लावून बसलेली,
ताई (आनंदी)


॥ श्री ॥
कणकवली,
ता. १४ जानेवारी १९६३

ती. सौ. ताईस गुरुदासचा सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून चुलीत घाल. भावोजींनाही दाखवू नकोस.

मी केले. साहेबांनी पेन्सिलीने काढलेला मूळ नकाशा कापडावर शाईने उतरवायचे काम माझ्याकडे होते. तुमच्या आळीपाशी आलो आणि पट्टी दोन सूत सरकवली. कागदावर दोन सूत म्हणजे पाव इंच, जमिनीवर दहा फूट. त्या वेळी डोळ्यांसमोर फक्त तुझी ओटी होती. पलीकडे कोणाचे घर आहे हे मला माहीत नव्हते असे लिहिणार होतो, पण ते खोटे होईल. माहीत होते. तिच्या हातची पेज मी जेवलो आहे.

आता तू हरकत लिहू नकोस, ताई, पाया पडतो. हरकत आली की साहेब मूळ नकाशा काढून ताडून बघतात. तसे झाले तर नोकरी जाईल, कदाचित बेड्याही पडतील. आई हे ऐकून जगायची नाही. लिहावीच लागली तर नुसते ‘गरीब आहे, दया करावी’ एवढेच लिही. असल्या अर्जांना कोणी हात लावत नाही. कचेरीत मागून कोणी नाव घेतले तरी मी दचकतो. काल सरळ रेघ ओढता आली नाही.

राग आला तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
गुरुदास


॥ श्री ॥
शिरोणे बंदर,
ता. २३ जानेवारी १९६३

चि. गुरुदास यास आशीर्वाद.

तुझे पत्र जाळले. पण ते पाठ झाले आहे, त्याला काय करू?

तू सांगितलेस तसाच अर्ज मी लिहिला. गरीब आहे, विधवा आहे, दया करावी. मथुराला वाचून दाखवला. तिला तो फार आवडला. तुझो भाव हापिसात आसा, माका कसली भीती, असे म्हणत तिने अंगठ्याला शाई लावली आणि कुठे टेकवू म्हणून विचारले. मी कागद ओढून घेतला. शाई सांडली, उद्या दुसरा लिहिते, अशी थाप मारली. ती शाईचा अंगठा तसाच वर धरून घरी गेली.

दुसरा अर्ज मी खरा लिहिला. घराची लांबीरुंदी लिहिली आणि खाली घातले, की पहिल्या नकाशात रेषा कुठे होती ते साहेबांनी स्वतः पाहावे. अंगठा झाला. काल मीच नगरपालिकेत देऊन पोच घेतली. तुझे नाव कुठेही नाही.

मुदत संपल्यावर, नऊ फेब्रुवारीला, सगळे अर्ज तुमच्याकडे निघतील. तोवर तुला वेळ आहे. त्यांनी शोधून काढण्याआधी तू स्वतः सांग. मला तुझ्यासाठी किती भीती वाटते ते लिहिता येत नाही. सायकलवर खाकी कपड्यातला कोणी दिसला की मी आत पळते. पण त्या बाईच्या चुलीवरून लॉरी जाताना दारात उभी राहून बघायची, याची भीती त्याहून मोठी आहे.

तुला धीर येवो. मी तुझीच आहे.

ताई


॥ श्री ॥
कणकवली,
ता. ४ फेब्रुवारी १९६३

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

सांगितले. तीन दिवस साहेबांच्या दाराशी जाऊन परत आलो. चौथ्या दिवशी त्यांनीच काय रे म्हणून विचारले, आणि तोंडातून सगळे बाहेर पडले. त्यांनी आधी मान वर केली नाही. किती सूत, एवढेच विचारले. मग मूळ नकाशावर माझे कापड पसरून उजेडाकडे धरले. दोन रेषा दिसल्या. एवढीशी फट, ताई. मला बाहेर बाकावर बसायला सांगितले. दुपारपर्यंत बसलो. शिपाई पाणी विचारायला आला तर मला वाटले पोलीस आले.

पोलिसांत देणार नाही म्हणाले, पण उद्यापासून येऊ नकोस. रेषा मूळ जागी जाईल, नगरपालिकेला तसे लिहिले आहे. म्हणजे तुझी ओटी जाणार. मी परवाच्या एसटीने मिठबावला जातो. आईला रजा आहे असे सांगेन. किती दिवस सांगता येईल देव जाणे.

तुझ्या घराचे नुकसान माझ्या हातून झाले की तुझ्या, हे मला कळेनासे झाले आहे. तरी मनात जागा असू दे.

गुरुदास


॥ श्री ॥
शिरोणे बंदर,
ता. ६ मे १९६३

चि. गुरुदास यास ताईचे पोटभर आशीर्वाद.

पडवी आणि ओटी गेली. मजूर यायच्या आधी यांनी स्वतःच छपराचे नळे उतरवले. मी यांना फेब्रुवारीतच सगळे सांगितले होते. तेव्हा एकदाच म्हणाले, की पोरगा सांगायला गेला हे बरे केले. आता उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की रस्ता.

नळे मागच्या परड्यात न्यायला मथुरा आली. मासळीच्या पाटीतून खेपा घालत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, की आनंदीच्या भावाने हापिसात शब्द टाकून माझे घर वाचवले, आणि स्वतःच्या बहिणीचे जाऊ दिले. तुझ्यासाठी तिने सुके बांगडे बांधून ठेवले होते. महिनाभर मी हे ऐकत होते, गुरुदास. खुंट्यांनी घाबरले नव्हते एवढी मी त्या कौतुकाने घाबरले. त्या दिवशी मला राहवले नाही. तिथेच, अर्धी भरलेली पाटी तिच्या डोक्यावर असताना, मी सांगून टाकले. तू काय केलेस, आणि तुला ते करायला रडून कोणी लावले, तेही.

तिने पाटी खाली ठेवली, घरात गेली आणि दार लावले. चार दिवस तिचे दार आमच्या बाजूने उघडले नाही. पाटी रस्त्यातच होती, लोक वळसा घालून जात होते, आणि मला ती उचलायचा धीर होत नव्हता. तिच्या चुलीचा धूर दिसला की जीव भांड्यात पडायचा.

पाचव्या दिवशी ती बाहेर आली. पाटी उचलून परड्यात रिकामी केली, नळे नीट रचले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुज्या भावाक सांग, माज्या दारात इतक्यात येव नको.”

एवढेच. तेव्हापासून मी तिचा तो ‘इतक्यात’ धरून बसले आहे.

तू आईला खरे सांग आणि इकडे ये. रस्त्याच्या बाजूने येऊ नकोस, तिकडे तिचे दार आहे. मागच्या दाराने ये, मी कडी काढून ठेवीन.

तुझी वाट बघणारी,
ताई